वाचकांचे प्रश्न : लोकसभेचा निकाल, आपली वाडी आणि आपले मत

४ जून २०२४ च्या मतमोजणीनंतर या सदराकडे जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांत फिरून फिरून एकच विचारणा आहे : निकाल कळला, पण त्यात आमचे मत नेमके कुठे गेले? जे निवडून आले ते योग्य की अयोग्य, ही चर्चा इथे करायची नाही. तिच्यासाठी एसटीचा थांबा आणि न्हाव्याचे दुकान पुरेसे आहे. यंत्रणा कशी चालते आणि तिच्यात आपण कुठे उभे असतो, एवढेच सांगण्याचा प्रयत्न आहे. पत्रलेखकांची नावे या वेळी मुद्दाम गाळली आहेत. त्याचे कारण तिसरे पत्र वाचल्यावर ध्यानात येईल.

प्रश्न : आमच्या राजापूर विधानसभा क्षेत्राने मशालीला आघाडी दिली, आणि खासदार मात्र कमळाचा झाला. मग आमच्या आघाडीला अर्थ तो काय? (एक वाचक, राजापूर तालुका)

निकालापुरता, काहीही नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी अशी सहा विधानसभा क्षेत्रे आहेत. मोजणीच्या सोयीसाठी प्रत्येक क्षेत्राची टेबले वेगळी मांडतात आणि फेऱ्याही वेगळ्या जाहीर होतात, म्हणून आपण 'आमच्या राजापूरची आघाडी' असे बोलतो. कायद्याला मात्र सहांची मिळून होणारी एकच बेरीज ठाऊक असते. या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही क्षेत्रांत श्री. विनायक राऊत पुढे होते आणि सिंधुदुर्गातल्या तिन्ही क्षेत्रांत श्री. नारायण राणे. सिंधुदुर्गातली आघाडी मोठी ठरली, आणि राणे यांची ४,४८,५१४ व राऊत यांची ४,००,६५६ अशी मते होऊन ४७,८५८ मतांचा फरक पडला.

आपल्या पत्रात जी खंत आहे तिचे मूळ मला थोडे मागे दिसते. २००८ ची पुनर्रचना होईपर्यंत रत्नागिरी आणि राजापूर हे लोकसभेचे दोन स्वतंत्र मतदारसंघ होते. राजापूरने बॅ. नाथ पै यांना लोकसभेत पाठवले, त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांना १९७१ पासून सलग पाच वेळा, आणि पुढे श्री. सुरेश प्रभू यांना. नव्या रचनेत राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले आणि केवळ विधानसभेपुरते उरले. पन्नाशी उलटलेली माणसे अजून 'राजापूर मतदारसंघ' असेच म्हणतात, त्यात नवल नाही. आपल्या आघाडीचा उपयोग असलाच तर तो पक्षांना आहे. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती, आणि तुमच्या आकड्यांवर त्यांचे बोट आधीच फिरू लागले असणार.

प्रश्न : आम्ही उरणचे. जिल्हा रायगड, पण खासदार मावळचा, असे का? (एक वाचक, उरण)

लोकसभा मतदारसंघ लोकसंख्या पाहून आखतात. जिल्ह्याची सीमा शक्य तिथेच पाळतात. सध्याची रचना २००१ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. तीत पनवेल, कर्जत आणि उरण ही क्षेत्रे घाटावरच्या मावळ, चिंचवड व पिंपरी यांच्याबरोबर गेली, आणि रायगड मतदारसंघात पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्या जोडीला रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली व गुहागर आले. म्हणजे गुहागरचा मतदार रायगडचा खासदार निवडतो आणि उरणचा मतदार निवडत नाही. विचित्र आहे खरे, पण बेकायदा नाही. राज्यांच्या वाट्याला आलेल्या जागांची संख्या मात्र अजून १९७१ च्या जनगणनेवरच गोठवलेली आहे आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती तशीच राहणार आहे.

प्रश्न : निकालानंतर चार दिवसांनी गावातले कार्यकर्ते एक छापील कागद घेऊन आमच्या वाडीत आले. आमच्या केंद्रावर कोणाला किती मते पडली ते त्यावर होते. "तुमच्या वाडीतली सोळा मते फुटली, ती कोणाची ते आम्हांला ठाऊक आहे," असे सांगून, जाताजाता पाणंदीच्या कामाचा विषय काढून ते गेले. मतदान गुप्त असते ना? (एक वाचक भगिनी, रत्नागिरी जिल्हा)

ताई, तो कागद बहुधा खराच असावा. मतमोजणीनंतर 'नमुना २०' नावाचे अंतिम निकालपत्रक तयार होते. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मते ओळीने दिलेली असतात आणि ते कोणालाही पाहता येते. त्यात केंद्राची बेरीज असते, माणसाचे मत नसते. तेव्हा 'सोळा मते फुटली' हे त्यांना कळले असेल, पण 'कोणाची' हे कळण्याचा मार्ग त्या कागदात नाही. ती केवळ दटावणी आहे.

एवढे सांगून हा विषय संपवता आला असता, पण तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण आपली भीती निराधार नाही. मुंबईच्या एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार असतात, शेजारच्या मजल्यावरचा माणूस कोण ते एकमेकांना माहीत नसते, आणि तिथे बेरीज बाहेर आली तरी कोणाचे काही उघडे पडत नाही. कोकणात मात्र डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या यांमुळे मतदाराला फार चालावे लागू नये म्हणून लहान लहान केंद्रे ठेवावी लागतात. समजा, एका केंद्रावर २१० मते पडली आणि त्यांतली २०४ एका चिन्हाला गेली, तर उरलेली सहा कोणाची हा प्रश्न गावकीच्या बैठकीत निघतोच. आणि गावकीचा कारभार पुराव्यावर कधी चालला होता?

मतपत्रिकांच्या काळात ही गोष्ट इतकी सोपी नव्हती. शिक्षक असताना मी काही निवडणुकांत मोजणीच्या कामावर होतो. पेट्या उघडल्या की आधी नुसती संख्या मोजायची, मतपत्रिकांच्या जुड्या बांधायच्या, आणि मग वेगवेगळ्या केंद्रांच्या जुड्या एका मोठ्या पिंपात टाकून अक्षरशः ढवळायच्या. एका शिपायाने हातभर लांब वेळूची काठी त्या पिंपात फिरवलेली मला आजही आठवते. भात ढवळावा तशी. त्यानंतर टेबलावर जे येई ते कोणत्या वाडीचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. यंत्रे आली, मोजणी दोन दिवसांवरून एका दिवसावर आली, बाद मतांची कटकट गेली, आणि त्याबरोबर ते पिंपही गेले. आता यंत्रागणिक मोजायचे, आणि यंत्र म्हणजे केंद्र.

यावर उपाय नाही असे नाही. अनेक केंद्रांची यंत्रे एकत्र जोडून त्यांची एकच बेरीज दाखवणारे 'टोटलायझर' नावाचे यंत्र वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता आणि विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही. केंद्रनिहाय आकडे नसतील तर गैरप्रकार उघडकीस कसे येणार, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. मतदान संपताच केंद्राध्यक्ष यंत्रावरचे 'क्लोज' बटण दाबतो, एकूण किती मते नोंदली गेली ते 'नमुना १७-सी'वर लिहितो आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रतिनिधींना देतो. ती एकूण संख्या मोजणीच्या दिवशी ताडून पाहता येते. अनेक यंत्रे एकत्र मोजली तरी त्या प्रतींची बेरीज जुळायला हवीच. त्यासाठी कोणत्या वाडीने कोणाला किती दिली हे जगाला कळण्याची गरज नाही. शहरातल्या माणसाला हा वाद तांत्रिक वाटेल, आपल्याकडे तो पाणंदीचा आणि नळाचा आहे.

आता आपण काय करावे? पहिली गोष्ट, कोणी विचारले तरी उत्तर देऊ नये, शपथ घेऊन नाकारूही नये. आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातसुद्धा कोणावर करता येत नाही, असे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. मग कार्यकर्त्यांची काय कथा! दुसरी गोष्ट, पाणंदीची मागणी तोंडी ठेवू नये. ती लेखी अर्जाने ग्रामसभेत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, म्हणजे पुढे काम का अडले याचे उत्तर कोणाला तरी कागदावर द्यावे लागेल. आणि एक अनुभव सांगतो. अशाच एका गावात फुटलेली मते बारा होती आणि संशयित घरे होती तीस. ज्यांनी इमानाने सांगितले तिथेच मत दिले, तीही माणसे यादीत आली, दुखावली, आणि पुढच्या खेपेला खरोखरच फुटली.

प्रश्न : मी मूळचा लांजा तालुक्यातला, गेली तीस वर्षे डोंबिवलीत. दोन्हीकडच्या याद्यांत माझे नाव आहे. गावच्या मुंबई मंडळाने ७ मेच्या मतदानासाठी गाड्या केल्या होत्या. २० मे रोजी डोंबिवलीत मतदान होते. दोन्हीकडे मत देणारेही पाहिले. यात नियम काय आहे? (एक चाकरमानी वाचक)

नियम अगदी सरळ आहे आणि बहुतेकांना तो ऐकायचा नसतो. एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० ची कलमे १७ व १८ हेच सांगतात. लोकसभेच्या एकाच सार्वत्रिक निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिले तर एक मत राहते आणि दुसरे जाते असे नव्हे, दोन्ही मते रद्द ठरतात. नोंदणी करताना खोटे निवेदन केले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ७ मे आणि २० मे यांत तेरा दिवसांचे अंतर होते; नखावरची शाई तेवढ्यात सहसा जात नाही, आणि डाव्या तर्जनीवर आधीची खूण दिसली तर त्या मतदाराला मत देऊ द्यायचे नाही असा नियम आहे. तरीही 'पाहिले' असे आपण लिहिता, त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही.

खरा पेच आहे तो नाव कुठे ठेवायचे याचा. कायद्याचा शब्द 'सामान्यतः निवासी' असा आहे, आणि त्यापुढे कायद्याने एक वाक्य असे घातले आहे की जणू ते चाकरमान्यांसाठीच लिहिले असावे : एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून माणूस तिथला सामान्य निवासी ठरत नाही. गणपतीत आणि शिमग्यात कुलूप निघते, सातबाऱ्यावर नाव आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण वर्गणी दिली आहे, हे सगळे खरे. परंतु मतदार यादी म्हणजे घराण्याचा कुलवृत्तान्त नव्हे. उलट, तात्पुरते बाहेर गेल्याने निवास संपत नाही, असेही कायदा म्हणतो, त्यामुळे हंगामापुरता जहाजावर किंवा कामासाठी परगावी गेलेला माणूस गावाचाच मतदार राहतो. तीस वर्षे आणि रेशनकार्ड डोंबिवलीत असलेल्या माणसाला मात्र त्या वाक्याचा आधार घेता येईल असे मला वाटत नाही. अंतिम निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा. स्थलांतरासाठी 'नमुना ८' आणि नाव वगळण्यासाठी 'नमुना ७' आहे. हा अर्ज लांबवू नये.

गाड्यांविषयी थोडे. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी मतदारांना केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी वाहन अथवा नौका ठरवली, तर ते 'भ्रष्ट आचरण' ठरते आणि त्यावरून निवडणूक रद्दही होऊ शकते. आपल्या खर्चाने एसटीने किंवा रेल्वेने जाणे अर्थातच मोकळे आहे. मतदारांनी आपापसांत वर्गणी काढून केलेल्या वाहनाला किंवा नौकेला कायद्याने सूट दिली आहे, पण अट अशी की ती यंत्रशक्तीवर चालणारी नसावी. म्हणजे वल्ह्याची होडी चालेल, डिझेलची नाही. १९५१ साली हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपल्याच खाड्या असाव्यात, अशी माझी एक निराधार समजूत आहे. मंडळाच्या गाड्यांचे पैसे कोणी दिले, ते आपणच एकदा खजिनदारांना विचारावे.

प्रश्न : २०१४ मध्ये रायगडला एकाच नावाचे दोन उमेदवार उभे होते आणि त्यामुळे निकाल फिरला, असे घरात नेहमी बोलले जाते. हे खरे का? त्याच वर्षी 'नोटा'लाही बरीच मते होती म्हणतात. (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, श्रीवर्धन)

एकाच नावाचे दोन उमेदवार होते हे खरे आहे, त्यामुळेच निकाल फिरला का याविषयी खात्रीने बोलता येत नाही. २०१४ मध्ये शिवसेनेचे श्री. अनंत गीते यांनी राष्ट्रवादीचे श्री. सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते पडली. ती सगळी चुकून पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही. सगळी जाणूनबुजून पडली असे मानणेही कठीण आहे. नामसाधर्म्य असलेल्या माणसाला उभे राहण्यापासून कायदा रोखत नाही. नावांपुढे व्यवसाय, गाव किंवा अन्य काही जोडून फरक दाखवावा, एवढेच नियम सांगतात. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, असा क्रम असतो, त्यामुळे दोन सारखी नावे सहसा लगत येत नाहीत. मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याची पद्धत २०१५ पासून सुरू झाली, म्हणजे रायगडच्या त्या निवडणुकीनंतर. पुढच्या दोन्ही वेळा, २०१९ आणि २०२४ मध्ये, तटकरे यांनी गीते यांना हरवले. या वेळचा फरक ८२,७८४ मतांचा आहे.

'नोटा'ला २०१४ मध्ये रायगडात २,११० पेक्षा पुष्कळ अधिक मते होती हे बरोबर. पण 'नोटा' जिंकू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आले ते नापसंती गुप्तपणे नोंदवता यावी म्हणून. या वेळी इंदूरमध्ये 'नोटा'ला २,१८,६७४ मते पडली, तरी निवडून आला तो सर्वाधिक मतांचा उमेदवारच.

घोटाळा नावापेक्षा चिन्हाचा अधिक होतो, असे माझे निरीक्षण आहे. ७ मे २०२४ रोजी कोकणातल्या या दोन्ही मतदारसंघांच्या मुख्य लढतीत धनुष्यबाण नव्हता; एकीकडे कमळ आणि मशाल, दुसरीकडे घड्याळ आणि मशाल. आमच्या केंद्रावर रांगेत माझ्यापुढे असलेल्या आजी बाहेर येऊन सुनेला म्हणाल्या, "बाण काय दिसला नाय गो, मग मी दाबलंय एक." कोणते, ते त्यांनी सांगितले नाही, आणि सुनेनेही विचारले नाही.

प्रश्न : भाजपची मते फारशी घटली नाहीत म्हणतात, मग जागा ३०३ वरून २४० वर कशा आल्या? (एक वाचक, कुडाळ)

देशभरात त्या पक्षाचा वाटा २०१९ मध्ये ३७.३६ टक्के होता, तो ३६.५६ टक्के झाला. टक्का देशाचा मोजला जातो आणि जागा मतदारसंघात पडते, यात सारे आले. एखाद्या राज्यात मते वाढून जागा तेवढीच राहते आणि दुसऱ्या राज्यात थोडी घसरून डझनभर जागा जातात. महाराष्ट्र त्याचे ठळक उदाहरण आहे : भाजपचा वाटा सुमारे २८ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आला आणि जागा २३ वरून ९ झाल्या. काँग्रेसने जवळपास १७ टक्क्यांत १३ जागा मिळवल्या. ही तुलना करताना भाजपने २८ जागा लढवल्या होत्या आणि काँग्रेसने १७, हे विसरू नये. जास्त ठिकाणी उभे राहिले की टक्का आपोआप फुगतो. विरोधकांची मते २०१९ प्रमाणे फाटली नाहीत, हे दुसरे कारण. ज्यांना टक्क्यांवरून कोणाचा 'नैतिक विजय' ठरवायचा असेल त्यांनी खुशाल ठरवावा, लोकसभेत तो बसवायला बाक नाही.

प्रश्न : मुंबईत एक जागा अवघ्या ४८ मतांनी गेली. अशा वेळी हरलेल्याने काय करायचे? (एक वाचक, मुरूड)

ती मुंबई वायव्यची जागा. निकाल जाहीर होण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी कारणे देऊन फेरमोजणी मागता येते. जाहीर झाल्यावर एकच वाट उरते, ती उच्च न्यायालयात निवडणूक याचिकेची, आणि तिची मुदत निकालापासून ४५ दिवसांची आहे; या वेळी ती १९ जुलै २०२४ पर्यंत होती. समसमान मते पडली असती तर चिठ्ठी टाकून निर्णय झाला असता, ही ऐकीव गोष्ट नव्हे, कायदा आहे.

प्रश्न : आई मासळी साफ करण्याचे काम करते. तिच्या बोटावरची शाई दोन दिवसांतच फिकी पडली, माझी मात्र महिना झाला तरी नखावर आहे. शाईत फरक असतो का? (एक वाचक, मालवण)

शाई एकच असते. तीत सिल्व्हर नायट्रेट असते. ते कातडीत मुरून उजेडाने काळे पडते. कातडीवरचा डाग कातडीबरोबर झिजतो, आणि दिवसभर पाण्यात, मिठात आणि खवल्यांत हात असला तर तो लवकर झिजणारच. नखावरचा डाग मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत राहतो. आईंच्या बोटाला खूण करताना ती नखावर पुरेशी टेकली नसावी. पुढच्या वेळी हात कोरडा पुसून, तर्जनी नखासह पुढे करायला त्यांना सांगावे, आणि शाई वाळेपर्यंत पदराला हात पुसू नये.